गुडघ्याखालची पट्टी

प्रियदर्शनी चौगुले काय काम करते, असं बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या त्यांच्या गल्लीत कुणीही विचारलं की तिची आई यल्लव्वा एका दमात सांगून टाकायची, "आमची दर्शी गाड्यांना लाथा मारती. ऑफिसात ठेवलंच हाय तिला त्यासाठी." ऐकणारा आधी हसायचा, मग यल्लव्वाच्या तोंडाकडे बघायचा, आणि ही बाई थट्टा करत नाही हे कळलं की गप्प व्हायचा. प्रियदर्शनी घरात असली तर आतून ओरडायची, "अव्वा, लाथा नाही गं! चाचणी म्हणतात त्याला!" पण खरं सांगायचं तर यल्लव्वाचं फारसं चुकत नव्हतं.

के. आर. पुरमच्या पुढं गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीचं चाचणी केंद्र आहे. तिथल्या एका लांबट शेडमध्ये प्रियदर्शनीचा पाय राहतो. म्हणजे तिचा स्वतःचा नव्हे हो, कंपनीचा! कमरेखालचा एकच पाय. आत हाडांच्या जागी वाकणाऱ्या कांड्या, गुडघ्यात ताणल्या जाणाऱ्या पोलादी दोऱ्या, वरून रबराची जाड कातडी आणि जागोजागी सेन्सर. एका यंत्रातून हा पाय ताशी चाळीसच्या वेगानं सुटतो आणि उभ्या गाडीच्या थोबाडावर जाऊन आदळतो. रस्त्यावर गाडी माणसाला ठोकते, इथं माणसाचा पाय गाडीला ठोकतो, दुखापत तीच. कांडी किती वाकली, दोरी किती ताणली, सगळं क्षणात संगणकावर उमटतं. इतकी वर्षं झाली, तरी पाय सुटायच्या आधी प्रियदर्शनीच्या तळहातांना घाम फुटतो आणि सुटल्यावर ती जागेवर उडी मारते. सगळ्यांना त्याची सवय झाली आहे.

बाई आहेच तशी, उतावळी. मूळची निपाणीची. वडील आप्पाजी तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. ते गेले तेव्हा ही शाळेत होती. घरात मराठी, दारात कन्नड, आणि रागावली की दोन्ही एकदम. बोलायला लागली की हात बोलतात, भुवया बोलतात. तिच्या हातात चहाचा कप असेल तर समोरच्यानं जरा लांबच बसावं.

ती बेळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना यल्लव्वाला अपघात झाला. निपाणीच्या स्टँडाजवळ, वडापच्या जीपनं. माणसं कोंबलेली ती जीप काही वेगात होती असंही नाही. पण पुढं लोखंडी नळ्यांचा दणकट गार्ड बसवलेला, नेमका गुडघ्याच्या उंचीला. एकच धक्का. डोक्याला टेंगूळ नाही, बरगडीला ओरखडा नाही, पिशवीतली वांगीसुद्धा शाबूत. गुडघा तेवढा गेला. मग घरी जो येईल तो म्हणे, "थोडक्यात निभावलं बघा." प्रियदर्शनीचं डोकंच फिरायचं. कसलं थोडक्यात? त्या दिवसापासून यल्लव्वाला जमिनीवर मांडी घालून बसता आलं नाही. जिना चढताना एक पाय वर, मग कठड्याला धरून दुसरा. जीव वाचला की पायाचं कुणी नावच काढत नाही, याचा प्रियदर्शनीला जो संताप आला, तो संताप उराशी घेऊनच ती बंगळुरूला आली आणि नेमकी ही नोकरी शोधून तिला चिकटली. दोन वर्षांत आईलाही घेऊन आली.

आता मुद्दा असा, की गाड्यांची थोबाडं हल्ली उंच होत चालली आहेत. छोटी गाडीसुद्धा दांडगी दिसायला हवी ना लोकांना! मग बंपर वर सरकतो आणि बरोबर गुडघ्याला भिडतो. त्याच्याखाली सगळं पोकळ. धडक बसली की मांडी वर अडते, नडगी खालच्या पोकळीत आत शिरते, आणि मधला गुडघा बिचारा अशा बाजूला वाकतो, ज्या बाजूला देवानं त्याला वाकायला शिकवलेलंच नाही. आतली दोरी तुटते. माणूस जगतो, पण चालायचं काय?

प्रियदर्शनीचं म्हणणं एवढंच होतं, की नव्या गाडीच्या बंपरमागे, खाली, नडगीच्या उंचीला एक आडवी पट्टी द्या. बाहेरून दिसणारही नाही. वर गुडघ्याला धक्का बसतो त्याच क्षणी खाली नडगीलाही आधार मिळाला, तर अख्खा पाय एकदम ढकलला जाईल. माणूस बॉनेटवर लोळेल, खरचटेल, शिव्या घालेल, पण गुडघा तुटणार नाही. कॉम्प्युटरवर तिनं हे पन्नास वेळा करून पाहिलं होतं आणि पट्टीचा एक नमुनाही पत्र्यातून दाबून घेतला होता.

अडलं होतं ते शेषगिरी सरांपाशी. शेषगिरी सर तिचे साहेब. माणूस वाईट नव्हे हं, उलट कामाला वाघ. पण गाडीचं वजन आणि खर्च यांचा हिशेब त्यांना वर द्यावा लागे. "आणि आपल्या बंगळुरूच्या रस्त्यांवरचे हंप बघितलेस ना?" ते म्हणाले. "तुझी पट्टी प्रत्येक हंपवर घासली तर गिऱ्हाईक मला सोडेल का? शिवाय पायानं कुणी मरत नाही, प्रियदर्शनी."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. प्रियदर्शनी अशी तापली की शेजारच्या खोलीतल्या लोकांनी दार लावून घेतलं. पट्टी बंपरच्या खालच्या काठाच्या वरच राहते, घासणार कशी, इथपासून सुरुवात झाली आणि निपाणी स्टँडापर्यंत गेली. शेवटी सरांनीच हात वर केले. "सरी, सरी! बरं बाई! असं कर. दसऱ्याची सुट्टी संपली की पुढच्या भागाचा नमुना कायमचा ठरतोय. तो ठरायच्या आधी बिनपट्टीची गाडी ठोकू. पास झाली तर पट्टीचं नाव काढायचं नाही. नापास झाली तर तुझ्यासाठी मी स्वतः वर भांडेन."

"चालेल!" प्रियदर्शनी म्हणाली. विचारसुद्धा केला नाही. बिनपट्टीची गाडी नापास होणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

सुट्ट्यांच्या आधी शेडमध्ये आयुधपूजा, म्हणजे यंत्रांची खंडेनवमी, झाली. त्या दिवशी इथं सगळ्यांची घरची माणसं येतात, पोरंबाळं यंत्रांभोवती हुंदडतात, चुरमुरे-बत्ताशांच्या पुड्या वाटल्या जातात. शेषगिरी सर रेशमी धोतर नेसून आले आणि कोहळ्यात कुंकू भरून तो त्यांनी स्वतःच्या हातानं दारात फोडला. यल्लव्वा इरकली नेसून रिक्षानं आली होती. मुलगी कशाला लाथा मारते ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. तिनं तो रबरी पाय बघितला मात्र, आणि लगेच हळदीची बोटं पुढं केली. "रोजचा मार खातंय बिचारं. ह्याची पूजा नको व्हय?"

"अव्वा, सेन्सर! सेन्सर!" प्रियदर्शनी किंचाळली. शेडमधला तंत्रज्ञ महांतेश चिक्कोडीकडचा, यल्लव्वाला मावशी म्हणणारा. त्यानं चटकन पायावर एक फडकं टाकलं आणि हळद फडक्याला लागली. दोघींचीही अब्रू वाचली.

मग यल्लव्वा चाचणीच्या गाडीकडं वळली. बाकी सगळ्यांच्या गाड्यांना दोन्ही बाजूंना केळीची रोपं बांधलेली, आणि हिचं तोंड उघडंबोडकं! कारण नमुन्याच्या गाडीला पुढं दोरी बांधायला जागाच नव्हती, सगळं गुळगुळीत. "आणि आजच्या दिवशी केळीबिगर उभी करणार व्हय गाडी? काय म्हणंल ती?" गाडी काय म्हणणार होती? पण महांतेशला ते पटलं. तो उरलेली दोन रोपं घेऊन आला. प्रियदर्शनी तोवर सरांच्या बायकोला पायाची गोष्ट सांगण्यात रंगून गेली होती. आरती झाली, जेवणं झाली, आणि शेडला कुलूप लागलं.

सुट्टी संपल्यावर सकाळी प्रियदर्शनी मेट्रोतून उतरून जवळजवळ पळतच शेडमध्ये शिरली. महांतेशनं आधीच येऊन झाडलोट केली होती. सुकलेले हार उतरवले होते, बंपरबाहेर लोंबणारी केळीची पानं सुरीनं काठाला लागून छाटली होती. गाडी स्वच्छ, चकचकीत. शेषगिरी सर घाईत होते. वरच्या साहेबांचा फोन येणार होता आणि त्यांना उत्तर हवं होतं. चाचणीआधी गाडीचे फोटो काढतात, ते पुढून आणि बाजूनं निघाले. खाली निजून काढायचा फोटो "स्वल्प नंतर" म्हणून राहिला.

"तयार?" महांतेशनं विचारलं.

प्रियदर्शनीनं तळहात सलवारीला पुसले. पाय सुटला. धाड्! ती उडी मारून संगणकाकडं वळली. गुडघ्याच्या आतल्या दोरीला बावीस मिलिमीटरपर्यंत ताण चालतो, त्याच्या पुढं नापास. तिचा हिशेब म्हणत होता की सत्तावीस तरी येणारच.

पडद्यावर आले सतरा.

"पास!" शेषगिरी सर ओरडले. माणूस मनापासून खूश झाला होता. त्यांनी प्रियदर्शनीच्या पाठीवर थाप मारली. "बघ, तुझी गाडी बिनपट्टीचीच किती छान निघाली! वाईट कशाला वाटून घेतेस? चांगलीच बातमी आहे ही." आणि फोन कानाला लावून ते बाहेर पडले. वर सांगूनसुद्धा टाकलं त्यांनी, की पट्टी नको, गाडी पास आहे.

प्रियदर्शनी खुर्चीत बसली. तिला रडू यायला लागलं होतं आणि रडायचं तर नव्हतं. आपलं चुकलं कुठं? एवढी वर्षं आपण उगाच आरडाओरडा करत होतो का? अव्वाच्या गुडघ्याचा राग आपण गाड्यांवर काढत होतो की काय? असले नाही नाही ते विचार मनात यायला लागले. महांतेश जवळ येऊन उभा राहिला. त्यानं धडकेची फिल्म लावली. क्षणाचे शेकडो तुकडे करून दाखवणारा कॅमेरा असतो इथं.

पाय हळूहळू तरंगत आला. बंपर गुडघ्याला टेकला. आता नडगी आत शिरणार... शिरली नाही! खाली कशाला तरी अडली. आणि त्याच क्षणी बंपरच्या खालच्या फटीतून पाण्याचे थेंब उडाले.

"थांब! मागं घे!" प्रियदर्शनी ताडकन उठली. "हे पाणी कुठलं?"

"रेडिएटर फुटला असंल, अक्का."

"महांतेश, त्या रेडिएटरमध्ये पाणी आहे का?"

महांतेशनं जीभ चावली. नमुन्याच्या गाडीत पाण्याचा टिपूस नव्हता.

प्रियदर्शनीनं ओढणी कमरेला खोचली, गाडीपुढं फरशीवर सरळ उताणी पडली आणि बंपरखालून हात आत घातला. हाताला काहीतरी ओलं, मऊ, चिकट लागलं. तिनं ओढलं तर मूठभर पांढरे तंतू हातात आले. वास घेतला. आणि मग ती जी हसायला लागली, ती फरशीवर पडल्या पडल्या हसतच सुटली. महांतेशला वाटलं, हिच्या डोक्याला काही लागलं की काय!

"केळ आहे रे! केळीचा बुंधा!"

महांतेशचं तोंड उतरलं. आता त्याला आठवलं. पूजेच्या दिवशी दोरी बांधायला जागा मिळेना, तेव्हा यल्लव्वामावशीनंच युक्ती काढली होती. दोन्ही बाजूंच्या फटींतून एकेक रोप आडवं आत सारलं. बुंधे आत, पानं बाहेर. ते जाऊन रेडिएटरच्या चौकटीला असे घट्ट टेकून बसले की हलेनात. पूजा झोकात झाली. आणि आज सकाळी त्यानं पानं छाटली, बुंधे मात्र आतच राहिले. "चूक झाली, अक्का," तो कसाबसा म्हणाला.

"चूक? अरे, कुठं राहिलेत बघ की ते!" प्रियदर्शनी उठून बसली. केसांना चीक लागला होता आणि तिला त्याचं भानच नव्हतं. "जिथं मी पट्टी मागतेय, अगदी तिथं! नडगीच्या उंचीला, आडवे, मागून आधार घेऊन! गाडी पास झाली नाही, महांतेश. केळ पास झालंय!"

ती तशीच शेषगिरी सरांकडं धावली आणि ते तंतू त्यांच्या टेबलावर ठेवले. सरांनी बघितलं. "बाळेदिंडू?" त्यांनी विचारलं. केळीचा गाभा ते घरी भाजीत खातात, ओळखायला वेळ लागला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि ते तंतू बोटांत फिरवत राहिले. त्यांची अडचण प्रियदर्शनीलाही समजत होती. पास म्हणून वर सांगून झालेलं. आता परत फोन करायचा आणि काय सांगायचं? आमच्या गाडीत केळीचं झाड होतं म्हणून? सगळी कंपनी वर्षभर हसली असती. सर गप्प बसले असते तर कुणाला कळणारही नव्हतं. प्रियदर्शनी उभीच होती. ती आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता उभी राहिली असेल.

"तुझ्या पट्टीशिवाय हा गुडघा तुटतो," सर शेवटी म्हणाले, "अशी खात्री आहे तुझी?"

"एकदा मोकळी करून ठोकून बघा, सर."

सर उठले. "इन्नोम्मे होडि," ते कन्नडमध्ये म्हणाले. पुन्हा एकदा मार.

दुपारपर्यंत नवा बंपर चढला. या वेळी खाली निजून फोटो काढायला शेषगिरी सर स्वतः वाकले, टॉर्च घेऊन. आत काही नाही. पोकळ. पाय सुटला. आवाज तोच. मग फिल्म लावली. नडगी आत शिरली, मांडी वर राहिली आणि गुडघा आडवा मोडत गेला. पडद्यावर अठ्ठावीस. शेषगिरी सरांनी तोंड फिरवलं. खोटा पाय होता, पण बघवत नव्हता.

"आता पट्टी लावा," ते म्हणाले. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

पट्टी बसली. शेवटचे बोल्ट महांतेशनं आवळले. प्रियदर्शनीनं डोळे मिटले. धाड्! डोळे उघडायच्या आधीच तिला महांतेशची आरोळी ऐकू आली. सोळा! सोळा आले होते! दार ढकलावं तसा अख्खा पाय एकदम वळला होता, गुडघा सरळच्या सरळ. प्रियदर्शनी नुसती उडी मारून थांबली नाही. तिनं महांतेशला गदागदा हलवलं, यंत्राला थोपटलं, आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावून आली. शेषगिरी सर फोनवर होते. "हो, सकाळचं माझं उत्तर चुकीचं होतं," ते स्पष्ट आवाजात सांगत होते. "कारण सांगतो, पण आधी हसून घ्या. पट्टी लागेल. प्रत्येक गाडीला लागेल."

संध्याकाळी ती थेट घराजवळच्या गांधी बाजारात उतरली. यल्लव्वा तिथं भाजी घेत होती. प्रियदर्शनीनं रस्त्यातच सगळं सांगितलं, हातवारे करकरून, भाजीवालीसुद्धा ऐकत उभी राहिली. यल्लव्वाला आधी धास्तीच वाटली, आपण पोरीचं काम नासवलं म्हणून. मग हळूहळू तिच्या ध्यानात यायला लागलं.

"म्हंजी तसली पट्टी असती, तर माझा पाय...?"

"त्या जीपचा सगळा पुढचा भागच बदलावा लागला असता, अव्वा. पण हो. वाचला असता."

 यल्लव्वानं पिशवी लेकीच्या हातात दिली, फुटपाथला लागून उभ्या असलेल्या गाडीपाशी गेली आणि तिच्या बंपरखाली हात घालून चाचपायला लागली. "हिला न्हाई," ती म्हणाली. पुढच्या गाडीपाशी गेली. "हिलाबी न्हाई." तिसऱ्या गाडीखाली हात घातला तेवढ्यात मालक समोरच्या दुकानातून धावत आला. "एनम्मा? एनु माडतीरा?" काय करताय म्हणून तो चिडून विचारत होता.

प्रियदर्शनी मधे पडणार होती, पण यल्लव्वानं तिला हातानं मागं सारलं. ती त्याला कन्नडमध्ये सांगायला लागली. गाडीचं तोंड, मांडी, नडगी, पट्टी, काही सोडलं नाही. लेकीनं इतक्या वर्षांत घरात सांगितलेला शब्दन् शब्द तिच्या डोक्यात होता, हे प्रियदर्शनीला आज कळत होतं. मालकाचा राग कधीच ओसरला होता. "आणि नसली पट्टी, तर काय होतं हो?" त्यानं विचारलं.

यल्लव्वानं इरकलीचा काठ वर उचलला आणि भर बाजारात त्याला आपला गुडघा दाखवला.

तो माणूस बघत राहिला. मग खिशातनं मोबाईल काढून त्यानं त्याचा दिवा लावला, आणि आपल्याच गाडीपुढं जमिनीवर बसून खाली वाकून बघायला लागला.